शेवटच्या भांड्याखालचा जाळ

१

संतोष नाचायला लागला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांना तरी काय म्हणणार! नाशकात गंगापूर रोडच्या लॉन्सवर साखरपुडा, डोक्यावर कडक ऊन, डीजे छातीत धडधडतोय, आणि बुफेच्या शेवटच्या भांड्याजवळचा वाढपी अचानक हात झटकत, गिरक्या घेत, स्वतःच्याच शर्टावर चापट्या मारत मोकळ्यात आला. नवऱ्या मुलाच्या मामाला तर इतका चेव चढला की त्यानं खिशातली नोट काढून पोरावरून ओवाळली. कुणी मोबाइल काढले, कुणी शिट्टी मारली. धूर नाही, जाळ नाही, काहीच नाही. नुसता नाचणारा पोरगा.

मग त्याची पांढरी बाही आपोआप तपकिरी झाली, काळी झाली, आणि कोपराकडं गुंडाळत निघाली. भिंगाखाली धरलेला कागद जळतो ना, तशी. मामानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि किंचाळून मागं पडला. तेव्हा कुठं टाळ्या थांबल्या. डीजेवाला कानाला हेडफोन लावून बसलेला. त्याचं गाणं पूर्ण झालं.

बुफेचे उस्ताद निसारभाई टेबलावरचं कापड ओढून, पाण्याच्या पिंपात बुचकळून धावले आणि पोराला त्यात गुंडाळून मिठीत घेतलं. अॅम्ब्युलन्समध्ये संतोषनं डोळे उघडले, निसारभाईंकडं बघितलं आणि एवढंच म्हणाला, "उस्ताद, मीठ नव्हतं."

संध्याकाळी तो गेला.

निसारभाई हॉस्पिटलातून घरी गेलेच नाहीत. तडक पोलीस ठाण्यात गेले, दोन्ही हात पुढं केले आणि म्हणाले, "पोरगं माझ्या हातून मेलं. मला आत घ्या."

२

खंडेराव निकम अग्निशमन दलातून ऑफिसर म्हणून रिटायर झाले, पण वात्रटपणातून काही रिटायर झाले नाहीत. आता गावभरच्या मंगल कार्यालयांचे आग विझवायचे लाल सिलिंडर तपासायचे. एका मालकाला त्यांनी विचारलं, "चालतं का हे?" मालक म्हणाला, "एकदम टकाटक." तर ह्यांनी त्याच्याच नव्या सफारीच्या टोकाला काडी लावली. सिलिंडर चाललं नाही. खंडेरावांनी खिशातल्या पाण्याच्या बाटलीनं सफारी विझवली आणि वर मालकालाच म्हणाले, "आता बोला, टकाटक!"

असल्या माणसाला फौजदार झेबा इनामदारनं आपण होऊन फोन केला. तिच्या ट्रेनिंगमध्ये आगीचा तास खंडेरावांनीच घेतला होता. घेतला म्हणजे काय, वर्गाच्या कचऱ्याच्या डब्यात आग लावून दार बाहेरून ओढून घेतलं होतं.

"काका, तुमचे मित्र आत बसलेत. सगळं कबूल करतायत. पण नक्की काय कबूल करतायत तेच मला कळत नाहीये."

"निसार असाच आहे. पाऊस पडला नाही तरी माफी मागेल. चला, तुमची भांडीकुंडी दाखवा."

ठाण्याच्या मागच्या अंगणात बुफेचा सगळा सरंजाम मांडला होता. स्टीलची मोठी भांडी, आणि त्यांच्याखाली ठेवायची बर्नरची डबडी. डबडी म्हणजे अननसाच्या फोडींचे रिकामे पत्र्याचे डबे. त्यात तेल ओतायचं, पेटवायचं आणि वर भांडं गरम ठेवायचं. खंडेराव उकिडवे बसले आणि शीळ घालत एकेक डबडं उन्हात तिरकं करून बघू लागले. प्रत्येकाच्या तळाला पांढरा, दगडासारखा घट्ट थर. जुन्या किटलीत साठतो तसा.

"हा थर कसला?" झेबानं विचारलं.

"अजून माहीत नाही. प्रत्येकाला झाकण आहे, बघितलंत? तारेनं बांधलेलं. निसारचं काम." त्यांनी शेवटचं डबडं उचललं. "हे कुठलं?"

"शेवटच्या भांड्याखालचं. संतोष जिथं उभा होता तिथलं. ह्याच्यात तो तेल ओतत होता."

खंडेरावांनी ते उन्हात धरलं. झाकण नव्हतं. तारही नव्हती. आत बघितलं आणि त्यांची शीळ मधेच तुटली. डबडं आतून आरशासारखं लखलखीत होतं.

"बाई," ते म्हणाले, "ह्यातलं एकही डबडं कुणाला धुऊ देऊ नका. साहेब आले, मंत्री आले, तरी नाही."

३

"काय रे निसार, फुकटचं जेवण मिळतं म्हणून आलास काय आत?"

निसारभाई हसले नाहीत. हाताला बँडेज, अर्धी मिशी जळालेली.

"खंडू, मस्करी नको."

"बरं, नाही करत." खंडेराव शेजारी भिंतीला टेकून बसले. "मीठ कसलं, ते सांग."

निसारभाईंनी जळकी मिशी चाचपली. "पूर्वी बर्नरची जेली यायची. मग लॉन्सच्या मॅनेजरनं, दीपकशेठनं, निळे कॅन आणले. बर्नर ऑइल म्हणतात. पाण्यासारखं असतं. पहिल्या दिवशी मी बाहेर लॉनवर पेटवलं, तर काही दिसेचना. वाटलं पेटलंच नाही. वाकून बघायला गेलो आणि भुवई गेली. अरे, जाळ होता, पण उन्हात दिसतच नव्हता! जिनाचं काम वाटलं मला. मग आठवलं, वणीला आमच्या घरी स्टोव्हवर वरण उतू गेलं की जाळ पिवळा व्हायचा. मिठामुळं. म्हटलं टाकून बघू. चिमूटभर टाकलं आणि जाळ हळदीसारखा पिवळा. तेव्हापासून प्रत्येक वेळी, प्रत्येक डबड्यात, भरताना चिमूट. माझ्या हातानं."

"आणि पोरांना काय शिकवलंस?"

"पिवळं दिसतंय तोवर कॅन जवळ न्यायचा नाही. पिवळं नाही म्हणजे विझलं. मग भरायचं." त्यांनी बँडेजच्या हातानं डोळे पुसले. "खंडू, माझ्याच शिकवणीनं मेला तो. एक डबडं माझ्या हातून बिनमिठाचं राहिलं. ते जळत होतं. त्याला पिवळं दिसलं नाही, म्हणून त्यानं वरून ओतलं. कॅनच्या तोंडातून भडका उलटा त्याच्या अंगावर आला. मरताना मला तेच सांगून गेला. मीठ नव्हतं म्हणाला."

"तू मीठ टाकतोस हे कुणाकुणाला माहीत?"

"किचनमधल्या सगळ्यांना. दीपकशेठ तर हसायचा. म्हणायचा, उस्ताद बर्नरला पण फोडणी देतात."

बाहेर आल्यावर झेबा म्हणाली, "म्हणजे निष्काळजीपणानं मृत्यू. वाईट वाटतं काका, पण तेच लागणार. स्वतःच सांगतायत, मीठ राहिलं."

"राहिलं असं त्याला वाटतंय. तुम्ही निळ्या कॅनमधलं तपासायला पाठवलंत?"

"रिपोर्ट आलाय. मिथेनॉल."

खंडेरावांचा वात्रट चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. "वाटलंच. कारखान्यातली कामाची वस्तू आहे ती. प्लायवूडच्या गोंदाला लागते, रंगाला लागते, औषधांना लागते. दिसायला पाणी, वासाला दारू. जळते पण स्वच्छ. ना धूर, ना काजळी, आणि उन्हात जाळ दिसत नाही. तो मामा आहे ना, नोट ओवाळणारा? त्याच्या डोळ्यांत काही खोट नव्हती. त्याला जाळ दिसलाच नाही."

"आणि पोटात गेली तर?"

"आधी डोळे घेते. मग बाकीचा माणूस." ते थांबले. "का विचारलंत?"

"संतोषचे वडील प्रेत ताब्यात घ्यायला आले होते," झेबा म्हणाली. "त्यांना हात धरून आणावं लागलं. दिवाळीपासून आंधळे झालेत म्हणे."

४

अंबडच्या कारखान्यांमागं, निळे कॅन विकणाऱ्या गोटीरामचं गोडाऊन होतं. बाहेर वासानं डोकं गरगरेल असं, आणि आत गोटीराम निवांत केळं खात बसलेला.

"बर्नर ऑइल म्हणजे काय असतं, गोटीरामशेठ?" खंडेरावांनी विचारलं.

"ऑइल म्हणजे ऑइल, साहेब."

"मूळ पिंपावर कवटीचं चित्र असतं. ते कुठं गेलं?"

"ट्रान्सपोर्टमध्ये निघालं असंल."

"आपलं आपण? पाय फुटले का कवटीला?"

गोटीरामनं केळं खाली ठेवलं. "साहेब, माझ्या मालाला नावं ठेवू नका. एकदम सेफ आहे. पिवळाधम्मक जाळ देतं. मी स्वतः लॉन्सवर डोळ्यानं बघितलाय."

खंडेरावांना हसू आलं. ह्या बहाद्दराला स्वतःचा माल कसा जळतो तेही ठाऊक नव्हतं. पिवळा जाळ निसारच्या मिठाचा, आणि छाती फुगवणार हा!

"दीपक किती नेतो?"

"चांगलं गिऱ्हाईक आहे. लग्नं नसतात तेव्हासुद्धा कॅन नेतात. पितृपक्षातसुद्धा नेले."

"पितृपक्षात कुणाचा बुफे असतो?"

गोटीरामनं केळं पुन्हा उचललं आणि तोंड भरून घेतलं, म्हणजे उत्तर द्यायला नको.

लॉन्सचा मॅनेजर दीपक मात्र फार गोड माणूस निघाला. भर दुपारीसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटावर बटणं लावलेली. ऑफिसात त्याची धाकटी बहीण सायली कॉम्प्युटरवर साखरपुड्याचा व्हिडिओ लावत होती. इथल्या फंक्शनचं शूटिंग तीच करायची.

"मीच म्हणालो त्याला," दीपक म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. "विझलाय, भर म्हणून. झोप लागत नाही काका. पण मला जाळ दिसलाच नाही हो. आमचे बर्नर नेहमी पिवळे जळतात. पिवळं नव्हतं, म्हणजे विझलेला."

"निसार मीठ टाकायचा ते माहीत होतं?"

"टाकताना बघायचो. मला वाटायचं म्हातारा नजर उतरवतोय. मिठाचा जाळाशी काय संबंध, ते मला काय ठाऊक!"

"शेवटचं भांडं मंडपाबाहेर उन्हात कुणी ओढलं?"

"मीच. आत चेंगराचेंगरी व्हायला लागली होती."

सगळ्याला हो. खोटं बोलणाऱ्याला पकडायला खंडेरावांना मजा यायची. पण हा माणूस सगळं खरंच सांगत होता, फक्त एक सोडून. आणि ते एक कुठलं, हेच हाताला लागत नव्हतं.

सायलीनं चहा आणला. दीपकनं कप उचलला तेव्हा बाही थोडी वर सरकली. मनगटाच्या वर गुळगुळीत, गुलाबी, बिनकेसाची कातडी चमकली.

"हे काय झालं होतं हो?"

"कुकरची वाफ," दीपक म्हणाला आणि बाही खाली ओढली.

सायलीनं चमकून भावाकडं बघितलं. "तू तर म्हणालास बाइकचा सायलेन्सर लागला."

५

कळवणच्या पुढं एका वस्तीवर संतोषचा बाप बहिरू ओट्यावर बसला होता. पावलं वाजली तशी त्यानं मान वळवली, पण माणसाकडं नाही, माणसाच्या जरा बाजूला.

"कोन हाय?"

"खंडेराव. निसारचा दोस्त."

"उस्तादांचा? बसा. उस्ताद लय चांगला मानूस. संतोष म्हनायचा, आबा, त्ये मला सोताच्या पोरावानी शिकवत्यात."

 खंडेरावांनी थेटच विचारलं, "डोळे कशानं गेले?"

"दारूनं. अन् मी काय लय पेनारा नाय. दिवाळीला संतोषनं बाटली आनली. भारीतली, सोनेरी बुचाची. म्हनला, दीपकदादानं दिवाळी दिली. मी अन् शेजारचा भिमाजी बसलो. वास दारूचाच. सकाळी उठलो तर समदीकडं धुकं. म्हटलं थंडीचे दिस हायेत, धुकं असनारच. उन्हं वर आली. बायको म्हनती, कुठंय धुकं?"

"आणि भिमाजी?"

"त्यो उन्हं बघायला उरला नाय."

एक शेळी ओट्यापाशी आली. बहिरूनं अंदाजानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"पोरानं बाटलीत बोट बुडवून हुंगलं. म्हनला, आबा, ह्ये आमच्या बर्नरचं हाय. लय रडला. म्या आनली, म्या आनली, म्हनून कपाळ बडवून घेतलं. भिमाजीच्या बायकोनं बाटली नाल्यात फोडली. मंग ह्यो नाशकाला जाऊन दीपकला तोंडावर बोलला, मी चौकीत सांगनार. पन दीपकनं पाय धरलं. म्हनला, चुकून झालं, समोरचा साखरपुडा होऊ दे, मंग मीच तुझ्यासंगं येतो चौकीत."

"आणि संतोष थांबला?"

"मानसाला एक सवड द्यावी, म्हनला." बहिरूचे पांढुरके डोळे कुठंतरी लांब लागले होते. "त्यो साखरपुडा झालाच नाय पुरा."

परतीच्या गाडीत झेबानं वही मिटली. मग म्हणाली, "काका, कोर्टात हे सगळं ऐकीव. बाटली नाही, संतोष नाही. दीपक म्हणणार, मला जाळ दिसला नाही, चूक झाली. आणि उन्हात तो दिसत नाही, हे तुम्हीच पंचनाम्यात लिहून दिलंय!"

"बरोबर. त्याला जाळ दिसला नाही, हे खरंच आहे. प्रश्न तो नाहीये. न दिसणारा जाळ असतो, हे त्याला त्या दिवसाआधी माहीत होतं का, एवढाच प्रश्न आहे." खंडेरावांनी खिडकीबाहेर बघितलं. "उद्या दुपारी सगळ्यांना लॉनवर बोलवा. ऊन चांगलं तापलेलं पाहिजे. आणि मला बुफेतली एक ताटली द्या."

६

लॉनवर अजून त्या जागचं गवत जळकं होतं. कुणीच तिथं पाय ठेवत नव्हतं.

टेबलावर स्टीलची ताटली. शेजारी एक बाटली, तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, बर्नर ऑइल. झेबा, गोटीराम, दीपक आणि कॅमेरा गळ्यात घेतलेली सायली, सगळे गोल उभे.

"मॅडमसमोर परत एकदा सांग दीपक," खंडेराव म्हणाले. "तुला बर्नरबद्दल काय माहीत होतं?"

"पिवळा दिसला म्हणजे पेटलेला. नाही दिसला म्हणजे विझलेला. दुसरं काही माहीत नव्हतं. देवाशपथ."

"लिहून घ्या बाई." खंडेरावांनी बाटलीतलं थोडं ताटलीत ओतलं. खिशातून एक चांदीची अंगठी काढून त्यात टाकली. मग गॅसचा लांब लायटर काढला, ताटलीवर धरला, टक टक केलं, आणि एकदम हात मागं घेऊन बोटं झटकली.

"पेटलं का?" झेबानं विचारलं.

"काय दिसतंय?"

गोटीराम वाकला. "कुठं पेटलंय? काहीच नाही. लायटर बाद झालाय तुमचा."

"असंल," खंडेराव म्हणाले. "सायली, तू जवळ आहेस बेटा, ती अंगठी काढून दे बरं. बायकोची आहे, हरवली तर मला जेवायला मिळणार नाही."

सायली हसली आणि तिनं हात पुढं केला.

"हात घालू नको!"

दीपकनं झेप घेतली. तिचं मनगट धरून तिला इतक्या जोरात मागं ओढलं की कॅमेरा त्याच्याच हनुवटीवर आपटला. दुसऱ्या हातानं त्यानं ताटली उडवली. ती गवतावर जाऊन पडली, तरी तो बहिणीला आणखी मागं खेचत होता. "जळतंय ते! दिसत नाही, पण जळतंय! कातडी निघते, तुला माहीत नाही..."

आणि मग त्याचं त्यालाच ऐकू आलं.

 खंडेरावांनी टेबलावरची बाटली उचलली, तोंडाला लावली आणि घटाघट पिऊन टाकली. बाहीनं मिश्या पुसल्या.

"पाणी आहे रे."

आयुष्यात इतक्या खोड्या केल्या, पण हिच्यावर त्यांना हसू आलं नाही.

"गोटीराम हा माल विकतो, तो डोळे लावून बघत होता. त्यालाही भीती वाटली नाही," ते सावकाश म्हणाले. "कारण पिवळं नाही म्हणजे विझलं, एवढंच त्याला ठाऊक. तूही आत्ताच शपथेवर तेच सांगितलंस. मग तुला कुठला जाळ दिसला, दीपक? तो न दिसता जळतो हे तुझ्या हाताला माहीत आहे. संतोष मेल्यावर कळलं म्हणशील, पण हातावरची ती जखम त्याच्या कितीतरी आधीची, भरून आलेली आहे. हाच माल भारी दारूच्या रिकाम्या बाटल्यांत भरून विकतोस; भरताना तो पेटतो का, ते काडी लावून बघितलं असशील. कुकर म्हणे!"

दीपकनं मोकळ्या हातानं बाही खाली ओढली.

"संतोष हुशार होता. त्याला नुसतं ढकलून चाललं नसतं. पण निसारच्या सगळ्या पोरांना एकच गोष्ट पक्की शिकवलेली होती, पिवळं नाही म्हणजे भरायला हरकत नाही. दुसऱ्या कुठल्या लॉन्सवरचा वाढपी कदाचित वाचला असता. वर हात धरून धगीचा अंदाज घेतला असता, झाकण ठेवलं असतं. इथले ह्या पिवळ्यावर डोळे मिटून भरवसा ठेवायचे. तू तोच भरवसा वापरलास. स्वतः डबडं आणलंस, बिनमिठाचं पेटवलंस, भांडं उन्हात ओढलंस आणि म्हणालास, विझलाय, भर."

"पुरावा काय?" दीपक कसाबसा म्हणाला. "बहिणीला वाचवायला गेलो, हा काय पुरावा झाला? डबडं उस्तादांनीच ठेवलं होतं. मीठ विसरले ते."

झेबानं खंडेरावांकडं बघितलं. त्यांनी तोंड उघडलं, पण त्याच्या आधी सायली बोलली.

"दादा, माझा हात सोड."

त्यानं सोडला. तिच्या मनगटावर त्याच्या बोटांचे लाल वळ उठले होते. तिनं कॅमेऱ्याचं झाकण उघडलं, आतलं कार्ड काढलं आणि तळहातावर धरून बघत राहिली.

"सकाळी उस्ताद डबडी भरून गेल्यावर, पाहुणे यायच्या आधी ड्रोन उडवला होता मी. रिकाम्या लॉनचा छान शॉट मिळतो म्हणून. त्यात तू दिसतोस. खालच्या स्टोअरमधून येतोस, हातात एक नवीन डबा असतो, आणि तो शेवटच्या भांड्याखाली ठेवून जुना काढून नेतोस. एडिट करताना मला वाटलं, किती कष्ट करतो माझा दादा. म्हणून तो तुकडा मी मुद्दाम व्हिडिओच्या सुरुवातीला ठेवलाय. सगळं ह्याच कार्डावर आहे."

तिनं कार्ड झेबाच्या हातात दिलं. मग जळक्या गवताच्या कडेला जाऊन सगळ्यांकडं पाठ करून उभी राहिली.

जुनं डबडं स्टोअरमध्येच सापडलं, बाटल्यांच्या खोक्यांमागं. झाकण, तार, सगळं जागच्या जागी. सोबत सोनेरी बुचांनी भरलेली एक पिशवी.

७

निसारभाईंना सोडलं तेव्हा ते उठेनात.

"कशाला सोडता? दीपकनं काही केलं असेल. पण मीठ टाकायचं काम माझं होतं. एकदा फेरी मारून बघितलं असतं, तर..."

"गप बस," खंडेराव म्हणाले आणि त्यांनी स्टोअरमधलं ते डबडं निसारभाईंच्या मांडीवर ठेवलं. "आत बोट घाल."

निसारभाईंनी घातलं. तळाचा थर पांढरा, टणक. नखानं खरवडला तरी निघेना.

"हे काय आहे?"

"मीठ."

"एका दिवसाचं?"

"छे. महिनोन् महिने... रोज चिमूट चिमूट." निसारभाई बोलता बोलता थांबले.

"ज्या डबड्यानं संतोष मेला, ते आतून कोरं करकरीत होतं. त्या दिवशी तू मीठ विसरला असतास, तरी आदल्या महिन्यांचा थर कुठं जाणार होता? ते डबडं तुझ्या हाताखालून कधी गेलंच नव्हतं निसार. पहिल्या दिवशी अंगणातली डबडी बघून आलो आणि तू मिठाचं सांगितलंस, तेव्हाच मला कळलं होतं. पण करणारा सापडल्याशिवाय तुला सांगितलं असतं, तर तुझा विश्वास बसला नसता."

निसारभाईंनी डबडं छातीशी धरलं. बराच वेळ खांदे हलत होते. खंडेरावांनी सवयीनं एक विनोद शोधला. सापडला नाही.

"पण खंडू," निसारभाई शेवटी म्हणाले, "त्यानं माझ्याकडंच बघितलं होतं. शेवटी. मीठ नव्हतं म्हणाला. माझ्यावर ठपका ठेवून गेला पोरगा."

"सगळ्या पोरांत एकट्या त्यालाच तू समजावून सांगितलं असशील ना, मिठानं काय होतं ते?"

"हो. तोच विचारायचा सारखं. असं का, तसं का."

"आणि तू कधी मीठ विसरतोस का?"

"कधीच नाही."

"हे त्यालाही माहीत होतं." खंडेरावांनी हात देऊन मित्राला उठवलं. "ठपका नव्हता रे तो. साक्ष देऊन गेला तो. डबडं उस्तादांचं नाही, एवढंच सांगत होता."